पांढऱ्या पायाच्या भावाला

जेनोव्हा, २२ एप्रिल २००७

ओत्ताव्यो,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही ते फोडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. इनेस म्हणत होती, "तुमचं पत्र तो न वाचताच केरात टाकेल." मी म्हटलं, टाकू दे, केर काढणारा तरी वाचेल.

काम आहे म्हणून लिहितोय, गैरसमज नको. पुढच्या वर्षी आपल्या चाहत्यांच्या मंडळाला पन्नास वर्षं होतात. बर्तोने, म्हणजे अजूनही तोच अध्यक्ष आहे, ट्राम बंद पडल्या पण ट्रामवाला काही खुर्चीवरून उठला नाही, तर बर्तोने ठरवलंय की जेनोआ फुटबॉल क्लबचा इतिहास छापायचा. आणि ते घोंगडं पडलंय चौथी शिकलेल्या हमालाच्या गळ्यात. "जेरो, वह्या तुझ्याकडे, तेव्हा लेखणीही तुझी." झालं.

सुरुवात सोपी गेली. १८९३, इंग्रज व्यापारी, त्यांचं क्रिकेट, मग चेंडू हातातला पायात आला. पहिलं अजिंक्यपद एका दिवसात, तूरिनला. मग एकामागून एक, १९२४ पर्यंत नऊ. दहा झाली की छातीवर तारा लावता येतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आपली नऊच. त्र्याऐंशी वर्षं झाली, नऊच. बाबा एकोणीस वर्षांचे होते नववं आलं तेव्हा, आणि मरेपर्यंत म्हणत राहिले, "पुढच्या वर्षी." इथपर्यंत पानं भराभर लिहून झाली. विजय लिहायला काय लागतं! पुढची ऐंशी वर्षं कशी लिहायची तेच कळेना. खाली पडलो, वर आलो, खाली पडलो. दोनदा तर तिसऱ्या श्रेणीपर्यंत. वाचणाऱ्याला वाटेल, हा क्लब आहे की विहिरीतला पोहरा.

तर माझा प्रश्न. १६ मे १९८२, नापोली. हरलो असतो तर बुडालो होतो, आणि शेवटच्या पाच मिनिटांत दोन-दोन झालं. तिथलं सगळं मैदान आपल्याबरोबर नाचलं, आणि त्या दिवसापासून त्यांच्या-आपल्या लोकांची दोस्ती. सामन्यानंतर ज्या माणसाने आपल्या दोघांना घरी नेऊन जेवू घातलं त्याचं नाव काय? तो मासळी विकायचा का टोप्या, तेही मी विसरलो. तुला आठवत असणार. तुझं डोकं माझ्याहून बरं, हे आई नेहमी म्हणायची.

नाव कळव, बस. फ्लॉरेन्सचा विषय मी काढत नाही, तूही काढू नकोस. बारा वर्षं झाली, तू आगगाडीने घरी आलास, आम्ही बसने. होतं असं कधी कधी.

तुझ्या नीवेसला नमस्कार. त्रिएस्तेचा वारा अजून माणसं उडवतो का?

जेरोलमो


जेनोव्हा, ९ मे

ओत्ताव्यो,

उत्तर नाही. पोस्टमन आता मला लांबूनच हात हलवून "नाही" म्हणतो, जिना चढायचे कष्टही घेत नाही.

तू सांगत नाहीस तर आपणच शोधावं म्हणून ब्याऐंशी सालची वही काढली. माझ्या वह्या तुला माहीत आहेत. तारीख, कोणाशी, किती-किती, हवा, आणि शेवटच्या रकान्यात 'सोबत'. १६ मे उघडलं. दोन-दोन, ऊन. 'सोबत'च्या खाली काही नाही. कोरं.

म्हटलं, असं कसं? आपण दोघंच तर होतो. येताना डब्यात तू माझ्या खांद्यावर झोपलास आणि माझ्या सदऱ्याला तुझी लाळ लागली, हेसुद्धा आठवतंय. मग नाव का नाही?

मी उठलो, चहा ठेवला, तो उतू घालवला, पुन्हा बसलो. आणि सगळ्या वह्या काढल्या. अडतीस. चार दिवस हेच चाललंय. इनेस ताट आणून वह्यांवरच ठेवते.

ऐक. तुझं नाव सतरा ठिकाणी आहे, आणि सतराही ठिकाणी आपण हरलोय. पासष्टला खाली गेलो, तुझं नाव. सत्तरला तिसऱ्या श्रेणीत गेलो, तुझं नाव, खाली दोन रेघा. आता दुसरी बाजू. त्र्याहत्तरला वर आलो तेव्हा तू खांबावर चढला होतास आणि पोलिसाने तुला खाली ओढलं. वहीत तू नाहीस. शहात्तर, एक्याऐंशी, एकोणनव्वद, वर आलो ते सगळे दिवस तू माझ्या शेजारी होतास. कुठे म्हणून नाव नाही.

कारणही सापडलं, आणि ते सापडल्यापासून मला एका जागी बसवत नाही. जिंकलो की आपण सगळे थेट दारूच्या दुकानात. घरी येऊन वहीत जेमतेम आकडा टाकायचा. हरलो की मी तडक घरी येऊन लिहीत बसायचो, बारीकसारीक, कोण कुठे बसलं, कोण काय म्हणालं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, म्हणतात ना? मी तीस वर्षं फक्त मोडलेल्या फांद्यांवरचे कावळे लिहून ठेवले.

वह्या घेऊन मंडळात गेलो. बर्तोपुढे टाकल्या. म्हटलं, "हे बघ. तो पांढऱ्या पायाचा नव्हता."

"लिव्हरपूलला होता का तो?" बर्तो.

"होता. त्यांच्या मैदानावर त्यांना हरवलं, इटलीतल्या कोणाला जमलं नव्हतं ते. ओत्ताव्यो माझ्या शेजारी होता."

"पहिल्या गोलला संडासात होता."

"आणि दुसऱ्या?"

"खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. मी पाहिलंय."

सगळे हसले. ओत्ताव्यो, मीसुद्धा हसलो. सवय, दुसरं काय. तिथे भिंतीवर लिव्हरपूलचा आपला फोटो आहे, त्याच्या डाव्या कोपऱ्यावर कॅलेंडर टांगलंय. दरवर्षी नवं येतं आणि बरोबर तिथेच टांगलं जातं. डाव्या कोपऱ्यात तू आहेस. बारा वर्षं मी रोज त्या कॅलेंडरवर तारीख बघतोय.

मंडळींनी तुला ते नाव ठेवलं हे वाईटच झालं. एवढं लिहून थांबतो.

जेरो


जेनोव्हा, ४ जून, सोमवार

ओत्ताव्यो,

हे पत्र मी तीनदा फाडलंय. चौथ्यांदा फाडायला कागद नाही.

तू पेपर वाचत असशीलच. नसलास तर ऐक. येत्या रविवारी शेवटचा सामना, आपण आणि नापोली, आपल्या मारासीच्या मैदानावर. तारीख दहा जून. फ्लॉरेन्सचीही दहा जूनच होती. बारा वर्षांनी पहिल्या श्रेणीत परत जायची संधी आलीय. त्यांनाही वर जायचंय, आपल्यालाही, आणि दोस्तांत बरोबरी झाली तर कोणाला वाईट वाटणार नाही. पण बरोबरी झाली तर आपण तिसरे. आणि तिसऱ्याला थेट वर जायचं तर चौथ्याच्या पुढे दहा गुण लागतात. आत्ता बरोबर दहा आहेत. चौथा आहे पियाचेन्झा. त्यांनी त्यांचा सामना जिंकला की फरक कमी झाला, मग पुन्हा जास्तीच्या लढती, पुन्हा नशिबाची परीक्षा. आणि पियाचेन्झा कोणाशी खेळतंय? तुझ्या त्रिएस्तीनाशी.

काल मंडळात हे गणित फळ्यावर मांडलं. आणि बर्तो टोपी मागे सरकवून म्हणाला, "अरे जेरो, तुझा भाऊ त्रिएस्तेला ना?"

मला कळलं काय येतंय ते.

"त्याला म्हणावं, पियाचेन्झाला जा. आणि पियाचेन्झाच्या बाजूने ओरड. जीव तोडून ओरड."

"तो ज्यांच्या बाजूने, ते बुडाले!" मागून कोणीतरी.

"देवाने त्याला उगाच नाही जन्माला घातला. आज कळलं कशासाठी!"

टेबलं बडवली लोकांनी. बर्तोने डोळे पुसले. त्याची थट्टा नव्हती, ओत्ताव्यो, तेच तर. त्याला खरंच वाटत होतं की हा तुझा सन्मान आहे. म्हणाला, "काम झालं तर त्याला मंडळात परत घेऊ. माझा शब्द."

मी नाही म्हणालो नाही. त्या खोलीत मला कधीच 'नाही' म्हणता आलेलं नाही. घरी येऊन इनेसला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बारा वर्षांत भावाला 'जेवलास का' विचारलं नाहीत. आता विचारताय काय, तर 'आमच्यासाठी कुणाचं वाटोळं करशील का'. वा, दादा असावा तर असा."

तरी मी लिहितोय. का, ते मलाही धड सांगता येत नाही. मंडळाने सांगितलं म्हणून असेल. किंवा यामुळे तरी तू रागावून चार शिव्या लिहून पाठवशील म्हणून असेल. पियाचेन्झाला जाशील का? मी विचारलं. विचारून झालं.

जेरो


जेनोव्हा, ८ जून

ओत्ताव्यो,

तुझी तार आली. हे पत्र तुला मिळायच्या आत रविवार उलटून जाईल, तरी लिहितोय, हातांना चैन नाही.

तार मी मंडळात मोठ्याने वाचली. "जाणार. त्रिएस्तीनासाठी ओरडणार. घसा बसेपर्यंत. ओत्ताव्यो."

बर्तोचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्याच्या कॉफीत मीठ घातलं. एक क्षण कोणाला उमजेना. मग एकदम सगळ्यांना उमजलं.

"म्हणजे त्रिएस्तीना हरणार!"

"म्हणजे पियाचेन्झा जिंकणार!"

"मेलो! जेरो, लिही त्याला. घरी बस म्हणावं. फोन कर. पाया पड!"

"मी फोन केला की तो ठेवतो," मी म्हटलं.

"मग पुन्हा कर! त्याने ठेवला तरी सांग की आम्ही माफ केलं!"

तुम्ही माफ केलं. ते ऐकलं आणि माझ्या आत इतकी वर्षं जे घट्ट बसलं होतं ते सुटलं. मी म्हटलं, "ओरडू दे त्याला."

"वेड लागलंय तुला."

"मीही जाणार आहे. त्याच्या शेजारी बसून त्रिएस्तीनासाठी ओरडणार. दोघं मिळून."

"मारासी सोडून? बारा वर्षं वाट पाहून? आणि आपण वर गेलो तर?"

"तर तुम्ही नाचा."

चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो, त्या खोलीतून असा पहिल्यांदाच बाहेर पडलो.

आता फ्लॉरेन्स. मे महिन्यातल्या पत्रात मी लिहिलं, मंडळींनी तुला ते नाव ठेवलं. खोटं आहे ते. पासष्ट साली पहिल्यांदा ते मी म्हणालो होतो, हसत, तुझ्या पाठीवर थाप मारून. हसत बोललेलं जास्त टिकतं. आणि फ्लॉरेन्सला पादोव्हाशी एक-एक झालं, पेनल्टी सुरू व्हायच्या होत्या, तेव्हा "बाहेर जा, पाठ करून उभा राहा" असं तुला बर्तो नाही म्हणाला. मी म्हणालो. तू गेलास. एवढा चोपन्न वर्षांचा माणूस, पोरासारखा निमूट गेलास. आणि तरीही आपण हरलो, खाली गेलो.

आणि तू आगगाडीने घरी आलास ते आपणहून नाही. बसमध्ये कोणी तुझ्या शेजारी बसेना. मी खाली उतरलो. तुला वाटलं मी तुझी बाजू घ्यायला उतरलो. मी तुझी पिशवी काढली आणि फुटपाथवर ठेवली. तू पिशवीकडे पाहिलंस, माझ्याकडे नाही.

हे मी इनेसलाही सांगितलेलं नव्हतं. आज सांगितलं. तिने रविवारसाठी माझा सदरा इस्त्री करून ठेवलाय.

जेरो


जेनोव्हा, १२ जून

ओत्ताव्यो,

तू बाहेर होतास, म्हणून आत काय झालं ते तुला लिहितो. आणि तिथे जे मला बोलता आलं नाही तेही.

तिकिटाच्या खिडकीवर मुलीने माझं ओळखपत्र पाहिलं आणि म्हणाली, "काका, जेनोव्हाचे तुम्ही? आज? इथे?" मी म्हटलं, "भाऊ आहे आत." तिने अशी नजर टाकली की जणू माझ्या घरात मयत झालीय.

त्रिएस्तेवाल्यांच्यात जाऊन बसलो. तू दिसेनास. प्रत्येक पांढरं डोकं पाहून आलो. वाटलं, तार नुसती आम्हाला चिडवायला होती. तरी ओरडलो. त्रिएस्तीनाच्या एकाही खेळाडूचं नाव मला येत नाही, तरी असा ओरडलो की पुढचा माणूस वळून म्हणाला, "आजोबा, जपून, औषधं घेतलीत ना?" मारासीवरून बातमी यायची, शून्य-शून्य. पुन्हा, शून्य-शून्य. इथे एक-एक. म्हणजे सगळं पियाचेन्झाच्या एका गोलवर लटकलेलं. त्यांनी एक मारला की आमचं झालं पाणी.

शेवटची काही मिनिटं राहिली होती तेव्हा त्या पुढच्या माणसाला विचारलं, बंदरावरचा ओत्ताव्यो आलाय का, क्रेनवाला.

"ओत्ताव्यो? तो बाहेर आहे. बसपाशी."

"का?"

"तो आत येत नाही. बारा वर्षं आमच्याबरोबर फिरतो, सँडविच आणतो, वाटेत सगळ्यांत जास्त गातो. पण फाटकापाशी थांबतो. म्हणतो, मी आत आलो की बिघडतं. आधी आम्ही हसलो. मग म्हटलं, असतं एकेकाचं." मग त्याने मला नीट पाहिलं. "तुम्ही कोण त्याचे?"

"भाऊ."

"अच्छा," तो म्हणाला. "ते तुम्ही."

बस, एवढंच. तो म्हणजे तुझा स्तेल्यो, हे मला नंतर कळलं. मार खाल्ला असता तर बरं वाटलं असतं.

मला वाटत होतं मी तुला एका बसमधून उतरवलं. मी तुला सगळ्याच मैदानांतून उतरवलं होतं.

मी उठलो. फाटकावरचा माणूस म्हणाला, "बाहेर गेलात तर परत आत नाही हं, काका. आणि आत्ता तर खरी मजा." मी म्हटलं, "उघडा."

पुढचं तुला ठाऊक आहे, पण मला लिहू दे. तू बसच्या पायरीवर, हातात रेडिओसुद्धा नाही. "तू?" म्हणालास. मग "मारासी सोडून?" मग लगेच, "आत जा, जेरो, मूर्खासारखा करू नकोस, शेवटची मिनिटं आहेत." मी म्हटलं, "सरक थोडा." तू सरकलास. आतून मोठा आवाज उठला, आणि आपल्या दोघांचेही गुडघे एकदम हलले, ते मी पाहिलं. "कुणाचा आवाज?" तू. "ठाऊक नाही." "जाऊन बघ ना!" "नाही जात." किती वेळ बसलो आपण तसे? मला तर पासष्टपासून आत्तापर्यंत इतका वाटला.

मग स्तेल्यो धावत आला. एक-एकच संपलं. तिकडे शून्य-शून्य. "गेलात तुम्ही वर! पहिल्या श्रेणीत!" त्याने आपल्याला दोघांनाही गच्च धरलं. मी रडलो, तू रडलास. आणि रडता रडता तू माझ्या कानात म्हणालास, "बघ, मी आत नव्हतो ना, म्हणून."

ओत्ताव्यो, ते आनंदाने म्हणालास तू. त्यात टोमणा नव्हता. काल इथे सगळं गाव रस्त्यावर होतं, लाल-निळ्या चादरी खिडक्यांतून, बर्तो कारंज्यात उतरला आणि त्याला चौघांनी बाहेर काढलं. मंडळातही हेच म्हणतायत, "ओत्ताव्यो आत गेला नाही, म्हणून वाचलो." तुझ्या नावाने पेला उचलला त्यांनी. बारा वर्षांत तुझं नाव त्या खोलीत पहिल्यांदा प्रेमाने घेतलं गेलं, आणि तेही यासाठी. मी पेला उचलला नाही. घरी आलो. तेव्हापासून या खिडकीतून त्या खिडकीत चाललोय.

त्या पायरीवर तुला काय उत्तर द्यायचं हे मला सुचलं नाही. आत्ता सुचलंय.

वह्या दाखवून तुला पटणार नाही. सतरा हारी आणि तितकेच विजय मांडून दाखवले तरी तू म्हणशील, असतं एकेकाचं. म्हणून तू ऑगस्टअखेर ये. पहिल्या श्रेणीतला आपल्या मैदानावरचा पहिला सामना. कोणाशी ते अजून ठरायचंय. उत्तरेच्या पायऱ्यांवर, माझ्या शेजारी, मंडळाच्या अगदी मधोमध. नाडी बांधायची नाही, संडासात जायचं नाही.

आणि एक गोष्ट लिहितो, ती इनेसलाही वाचून दाखवणार नाही, बर्तोला कळली तर तो मला बंदरात ढकलेल. सत्तर वर्षं या क्लबसाठी मी देवाकडे फक्त एकच मागत आलो. या वेळी पहिल्यांदा दुसरं मागतोय. त्या दिवशी आपण हरावं. चांगले दोन-तीन गोलांनी हरावं. सगळं मंडळ वळून तुझ्याकडे पाहील, आणि सगळ्यांच्या देखत मी तुझ्या खांद्यावर हात टाकून बसून राहीन, मैदान रिकामं होईपर्यंत. मग आपण दोघं एकाच बसने घरी येऊ.

जेरो